आधी पाणी कुठून येतं ते शोधा

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरी म्हणाले, "काका, आठवणी सांगा, पण दहा मिनिटांत." आठवणी बाकीचे सांगतीलच. मी एका दुरुस्तीची गोष्ट सांगणार आहे. ती अमेरिकेतली आहे, पण शेवटी आपल्या गच्चीवर येणार आहे. तेव्हा जरा धीर धरा.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं मिशिगनला मुलाकडे होतो. त्याने एक जुना कॅम्पर ट्रेलर घेतला होता. म्हणजे गाडीच्या मागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर. ओटा, पलंग, बाथरूम, सगळं आत. मुक्कामाला पोचलं की बटण दाबायचं आणि एका बाजूचा भाग टेबलाच्या खणासारखा बाहेर सरकतो, खोली मोठी होते. त्याला स्लाइड-आउट म्हणतात. आमच्या सौ.ने त्याच्या कोपऱ्यात पाय ठेवला आणि म्हणाली, "अहो, इथली जमीन दबतेय."

मुलाने स्क्रू-ड्रायव्हर टोचला, तर तो चहात बुडवलेल्या बिस्किटात जावा तसा आत गेला. मुलगा म्हणाला, "बाबा, रविवारी वरून नवीन प्लायवूड ठोकू, झालं." पण वरचं विनाइल उचललं, तर खाली आधीच एक पातळ प्लायवूड ठोकलेलं! आधीच्या मालकाने नेमकं हेच केलं होतं. वरून छान, आणि खाली मूळची जमीन काळी पडून भुगा झालेली. ही जमीन लाकडाच्या ढलप्या गोंदात दाबून केलेल्या फळीची असते. तिच्या कडेला पाणी लागलं की दिव्याची वात तेल ओढते तसं ती पाणी आत ओढते आणि फुगते.

शेजारी एक सुतारकाम केलेले निवृत्त आजोबा राहत. ते म्हणाले, "करवत नंतर काढा. आधी पाणी कुठून येतं ते शोधा." त्यांनी पद्धतही सांगितली. मुलगा बाहेर नळी घेऊन, मी आत टॉर्च घेऊन. पाणी आधी खालच्या कडेवर मारायचं, थोडा वेळ थांबायचं, मग हळूहळू वर जायचं. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही. खाली पाणी मारलं, आत काही नाही. मधे मारलं, काही नाही. छपराच्या कोपऱ्याशी नळी गेली आणि पाचेक मिनिटांत माझ्या पायाशी थेंब! तिथल्या सांध्यातलं सीलंट तडकलं होतं. पाणी भिंतीच्या आतून उतरून जमिनीच्या कडेला मुरत होतं. दुखणं पायात दिसत होतं, मूळ डोक्यात होतं.

मग काम सुरू केलं. बाहेर सरकलेल्या भागाला खालून जॅक आणि ठोकळ्यांचा टेकू दिला. करवतीचं पातं फळीच्या जाडीइतकंच खाली ठेवून, कुजलेलं सगळं आणि त्यापुढचं चार बोटं चांगलंही कापून काढलं. पंखा आणि ओलावा शोषणारं यंत्र लावून तसंच उघडं ठेवलं. मला घाई झाली होती, पण मीटरवर ओलावा १५ टक्क्यांच्या खाली येईपर्यंत आजोबांनी हात लावू दिला नाही. आठवडा गेला. नव्या प्लायवूडच्या चारही कडांना इपॉक्सीचे दोन हात दिले. जुन्या-नव्याचा सांधा अर्ध्या जाडीच्या खाचा पाडून एकमेकांवर बसवला. खालून पट्टी मारली असती तर ती सरकताना रोलरला अडली असती. शेवटी छपराचं जुनं सीलंट खरवडून नवीन भरलं, सभोवतालची रबरी पट्टी बदलली. ते सीलंट वेळेवर भरलं असतं, तर हॉटेलातल्या एका जेवणाच्या खर्चात भागलं असतं.

मित्रहो, मी बँकेत नोकरी केली. जुनं कर्ज फिटत नाही म्हणून ते फेडायला नवं कर्ज द्यायचं आणि खातं कागदावर चांगलं दाखवायचं, असा एक प्रकार असतो. मी तो कधी होऊ दिला नाही. पण सोसायटीचा खजिनदार म्हणून मी तेच केलं. बी विंगच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी भिंतीच्या ओलीची तक्रार तीनदा लिहून दिली. तिन्ही वेळा मी पुट्टी आणि रंगाचं बिल मंजूर केलं, आणि वार्षिक सभेत 'खर्चात बचत' म्हणून टाळ्याही घेतल्या. दोन वर्षांपूर्वी श्रावणात त्यांच्या पलंगावर स्लॅबचं प्लास्टर पडलं. वहिनी तेव्हा स्वयंपाकघरात होत्या, म्हणून आज समोर बसल्या आहेत. वहिनी, माझं चुकलं. हे मी तुमच्या घरी येऊन बोललो आहे, पण टाळ्या सर्वांसमोर घेतल्या होत्या, तेव्हा माफीही सर्वांसमोर मागतो.

आता समितीला विनंती. यंदा पावसाळ्याआधी गच्चीवर पाणी साठवून चाचणी घ्या. कठड्याचे सांधे आणि पाइपांची तोंडं तपासा. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावं, असं आदर्श उपविधी सांगतात. आपण २५ वर्षांचे झालो. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड ०.२५ टक्के, हेही त्यातच आहे. ते पैसे बिलात दिसले की कुरकुर करू नका. माझ्यासारखा कुणी 'बचत' दाखवू लागला, तर टाळ्या वाजवण्याआधी एकदा वरच्या मजल्यावर जाऊन भिंतीला हात लावून बघा.