होडींतून पडल्यावर
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या युवकसंमेलनांत, वणी येथें, धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या निमित्तानें ओझरखेड धरणाच्या जलाशयांत होड्या वल्हवण्याचा बेत तरुण मंडळानें मजपुढें मांडला, तेव्हां कित्येक मातांनीं "फादर, नको म्हणा" असा आग्रह धरला. मीं तत्काळ उत्तर दिलें नाहीं. आज देणार आहें. परंतु त्याआधीं स्वतःची एक गोष्ट सांगणें मला प्राप्त आहे.

सेमिनरींत शिकत असतां एका सुट्टींत मी व माझा एक सोबती एका तळ्यावर गेलों व तेथील वृद्ध कोळ्याची लहान होडी मागून घेतली. मला पोहतां येत होतें, सोबत्यास येत नव्हतें. आणि ह्या गोष्टीचा मला थोडासा गर्वच होता. तळ्याच्या मध्यावर जागा बदलण्यासाठीं मी उभा राहिलों. होडी कलली, दोघांनींही एकाच बाजूची कड धरली, आणि क्षणार्धांत दोघेही पाण्यांत! सोबत्यानें उलट्या होडीस मिठी मारली. मी मात्र किनारा जवळ आहे असें समजून पोहत सुटलों. कपडे भिजून जड झाले, दम तुटला, अर्ध्या वाटेंत हात चालेनात. इतक्यांत त्या वृद्धानें दुसरी होडी आणून बांबू पुढें केला. मला वर ओढून घेतल्यावर तो एवढेंच म्हणाला, "पोरा, नाव कशाला सोडलीस? ती बुडाली होती का?" मग त्यानें माझ्या सोबत्यास सावकाश काढलें. तो सुखरूप होता.

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं, ती बुडण्याच्या भयानें नव्हे. सोबत्यास पोहतां येत नाहीं हें ठाऊक असूनही मीं एकदांही मागें वळून पाहिलें नव्हतें.

आतां त्या प्रश्नाचा अर्थ पाहूं. लांकडी होडी उलटली तरी बहुधा तरंगते. तिला धरून राहणारा माणूस दुरूनही दिसतो व त्याची शक्ति टिकते. पाण्यावरून किनारा नेहमीं जवळ भासतो, आणि थकवा मात्र आगाऊ सूचना देत नाहीं. वाहत्या नदींत उलटलेल्या होडीच्या वरच्या अंगास राहावें. खालच्या अंगास राहिल्यास होडी व खडक ह्यांमध्यें माणूस चेंगरतो. प्रवाहांत वाहून जाऊं लागल्यास उताणें होऊन पाय पुढें ठेवावे. कयाकमध्यें कमरेभोंवतीं आच्छादन असतें. त्याची पुढची दोरी ओढून बाहेर कसें पडावें, हें उथळ पाण्यांत आधींच शिकून घ्यावें. आणि कांठावरच्यांनीं उडी घेऊं नये. बुडणारा घाबरून वांचवणाऱ्यास मिठी मारतो. बांबू, दोर, धोतर, साडी, जें हातीं येईल तें त्याजकडे फेंकावें.

पाण्याची भीति वाटणें ह्यांत कांहीं लाज नाहीं. आपल्याच जिल्ह्यांतील चांदवड तालुक्यांत, तळेगांव रोही ह्या दुष्काळी गांवीं, दत्तू भोकनळ लहानाचे मोठे झाले. २०१२ सालीं सैन्यांत गेल्यावर त्यांनीं वल्हें हातीं धरलें, तेव्हां त्यांस पाण्याची धास्ती वाटे. तरी २०१६ सालीं रिओ येथील ऑलिंपिकांत एकट्याच्या शर्यतींत ते तेरावे आले. २०१८ च्या आशियाई स्पर्धेंत एकट्याच्या अंतिम शर्यतींत ते सर्वांच्या मागें राहिले. पण दुसऱ्याच दिवशीं, २४ ऑगस्ट रोजीं, चौघांच्या होडींत बसून त्यांनीं सोबत्यांसह सुवर्णपदक मिळविलें. एकट्यास जें साधलें नाहीं तें चौघांस साधलें, हें ध्यानांत ठेवा.

गालील सरोवरावर संत पेत्रही होडींतून उतरला होता. वारा पाहून तो भ्याला, बुडूं लागला व ओरडला. प्रभूनें प्रथम हात दिला. अविश्वासाबद्दल बोल लाविला तो मागाहून. त्या वृद्ध कोळ्यानेंही आधीं बांबू दिला, प्रश्न नंतर विचारला. बुडत्यास उपदेश करण्याची ही रीत आम्ही पाद्र्यांनीं, आणि आईबापांनींही, शिकण्याजोगी आहे.

तेव्हां माझें उत्तर असें: जा, पण धरणाच्या अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन जा. पोहतां येवो वा न येवो, प्रत्येकाच्या अंगावर तरंगण्याचें जाकीट असावें, आणि त्याचे बंद बांधलेले असावेत. होडींत कोणीं उभें राहूं नये. जवळ दुसरी होडी, दोर व बांबू असावा. वारा सुटला कीं परत फिरावें.

मातांनो, तुमच्या मुलांस मीं एक शेवटची आज्ञा केली आहे: पाण्यांत पडल्यास एका हातानें होडी धरा, आणि मान वळवून प्रथम सोबत्याचें डोकें पाण्यावर आहे कीं नाहीं तें पाहा. मीं तें पाहिलें नव्हतें. तुम्ही पाहा. त्या दिवशीं मीही कांठावर, हातीं बांबू घेऊन, उभा असेन.