लाकडी मोर आणि चित्रकाराची भाकरी

एखाद्या कलासंस्थेच्या मदतीसाठी लाकडातून कापलेला मोर किंवा मासा रंगवून द्यावा, असे सुचविले की काही चित्रकारांच्या कपाळाला आठी पडते. हे कारागिराचे काम, आपले नव्हे! चेन्नईच्या दक्षिणेस सिरुसेरी आहे. तेथून ईशान्येस, इंजंबाक्कमच्या समुद्रकाठी, १९६६ साली वसलेले चोळमंडल कलाग्राम या अभिमानाला चांगले उत्तर देते.

मद्रासच्या कलाशाळेतून बाहेर पडणाऱ्या तरुणांची चित्रे त्या काळी फारशी विकली जात नसत. प्राचार्य के. सी. एस. पणिक्कर यांनी तोड काढली: काही वेळ हस्तव्यवसायाला द्यावा, उरलेला चित्राला. मुख्यतः बाटिकची वस्त्रे विकून आलेल्या पैशांतून जमीन घेतली गेली. देणगीदाराची मर्जी सांभाळण्यापेक्षा हा मार्ग निश्चितच मानाचा होता.

शिवाय लाकूड रंगविणे हे काही पोरखेळ नव्हे. मराठ्यांच्या अमलात तंजावरास बहरलेल्या चित्रांसाठी फणसाच्या फळीवर चिंचोक्याच्या खळीने कापड चिकटवीत, त्यावर खडूची भुकटी व डिंक यांचा लेप देऊन तो घोटीत. काचेचे खडे आणि सोन्याचा वर्ख त्यानंतर. लेप ओला असताना घाई केली की तडे गेलेच. मोराची तर कापलेली कड उघडी असते आणि ती रंग अधाशासारखी पिते. तिला आधी अस्तर द्यावे लागते, मागची बाजूही रंगवावी लागते. नाहीतर दमट हवेत फळी वाकते. मदत म्हणून मोर एकदा विकत घेतला जाईल, पण वाकलेला मोर भिंतीवर कोण ठेवील?