दिंडीचा खर्च आणि भिशीचा हिशेब

(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या मंदिराचा जीर्णोद्धार झाला, त्याच मंदिरातून दरवर्षी गावची दिंडी आळंदीस जाते व माऊलींच्या पालखीबरोबर पंढरीची वाट चालते. दिंडीविषयी बोलताना भजन, रिंगण यांचे वर्णन होते, ते योग्यच आहे. परंतु पैशाचा विषय निघाला की पुष्कळांस तो देवाच्या कामात गौण वाटतो. ‘पांडुरंग चालवील’ म्हणून वही मिटली जाते. पांडुरंग चालवतो हे खरेच. पण वाटेत पीठ कमी पडले तर अर्धपोटी राहतो तो वारकरी, आणि तोही बहुधा तोंडाने काही न मागणारा. म्हणून हिशेब हा सेवेचाच भाग होय.

पूर्वजांनाही हे ठाऊक होते. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या सोहळ्यास आजचे शिस्तबद्ध रूप दिले, तेव्हा भजनाबरोबर सोयीचीही घडी बसली. अंकलीच्या शितोळे सरदारांकडे घोडे, तंबू व नैवेद्याची सेवा आली ती तेव्हापासून.

अंदाजपत्रकाची सुरुवात रुपयांपासून नव्हे, पंचांगापासून करावी. ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदीहून प्रस्थान होते व आषाढ शुद्ध एकादशीस पंढरपूर. तिथीच्या क्षयवृद्धीने एखादा दिवस कमीजास्त होतो. लोणंदला एखाद्या वर्षी एक, एखाद्या वर्षी दोन मुक्काम पडतात ते यामुळेच. वाटेचे अठरा-एकोणीस दिवस व पंढरपुरातील एक-दोन, असे वीस दिवस धरावेत. पौर्णिमेच्या काल्यापर्यंत राहणाऱ्यांचे दिवस वेगळे मांडावेत.

आता शिधा. शंभर माणसांस दोन वेळच्या जेवणाला पीठ व तांदूळ मिळून रोज सुमारे ४५ किलो लागतात, म्हणजे वीस दिवसांचे ९ क्विंटल. डाळ रोज १० किलो धरली तर २ क्विंटल. तेल, मीठ-मसाला, चहा-साखर, भाजीपाला व गॅस निराळे. वाटेत ज्येष्ठ वद्य एकादशी येते व शेवटी महाएकादशी. या दोन दिवसांस साबुदाणा, शेंगदाणे, भगर लागते. उपवासाचा दिवस स्वस्त पडतो हा समज खोटा आहे. पुणे ते सासवड हा दिवेघाटाचा टप्पा सर्वांत लांब. त्या दिवशी माणसे थकून उशिरा पोहोचतात, म्हणून ट्रक पुढे जाऊन स्वयंपाक तयार हवा.

जमेच्या बाजूस एक पथ्य पाळावे. वाटेतली गावे प्रेमाने पंगती देतात, पण ती पंगत आधीच जमेस धरू नये. मिळाली तर वाचलेला शिधा पुढे कामास येतो. धरून चाललो आणि मिळाली नाही, तर रात्री माणसे उपाशी. सरकारी अनुदानाचेही तसेच. २०२४ साली राज्य शासनाने दिंडीस २० हजार रुपये जाहीर केले. अशी रक्कम हाती येईपर्यंत ती वहीत लिहू नये. परतीचा प्रवासखर्च मात्र आधीच धरावा. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांपुढील ज्येष्ठांस एस.टी. मोफत झाली व मार्च २०२३ पासून महिलांस निम्मे भाडे लागू झाले. ओळखपत्र बरोबर घेतले तर हा लाभ मिळतो.

आता भिशीचा कळीचा प्रश्न. समजा शंभर वारकरी आहेत. जेवणखर्च माणशी दिवसाला १०० रुपये, म्हणजे वीस दिवसांचे २ लाख. ट्रक, तंबू, आचारी, औषधे, पंढरपुरातील जागा आणि राखीव रक्कम मिळून १ लाख ६० हजार. एकूण ३ लाख ६० हजार. माणशी भिशी ३,६०० रुपये. यांतले दहा जण भिशी देऊ शकत नाहीत, तर उरलेल्या नव्वदांस ४,००० पडतील. येथे कोणी म्हणेल, ‘ज्याला झेपेल त्यानेच यावे.’ मग ते दहा आणि त्यांच्या सोबतीने आणखी दहा घरी राहिले असे धरा. जेवणखर्च १ लाख ६० हजारांवर आला, पण ट्रक आणि तंबूचे भाडे तेवढेच राहिले. एकूण ३ लाख २० हजार, माणसे ऐंशी. म्हणजे भिशी पुन्हा ४,०००! गरिबाला मागे ठेवून एक पैसा वाचला नाही, दिंडी मात्र वीस माणसांनी लहान झाली.

मुळात अडचण ऐपतीपेक्षा वेळेची असते. वारी येते ज्येष्ठात, ऐन पेरणीच्या तोंडावर. घरातला पैसा बी-बियाणे आणि खतात गेलेला असतो. त्याच वेळी एकरकमी भिशी मागितली तर अल्पभूधारक, शेतमजूर, एकटी विधवा बाई यांनी कोठून द्यावी? म्हणून गुढीपाडव्यापासून दरमहा थोडी थोडी भिशी घ्यावी. रब्बीची ज्वारी-गहू घरात येतो तेव्हा धान्यरूपानेही घ्यावी व बाजारभावाने पावती द्यावी. ज्यांना तेही जमत नाही त्यांची नावे जाहीर वाचू नयेत. पाणी भरणे, भाजी निवडणे, तंबू ठोकणे ही सेवा तर सर्वांचीच आहे, ती कोणाकडून भिशीची भरपाई म्हणून घेऊ नये.

२०२० व २०२१ साली महासाथीमुळे पायी वारी झाली नाही, पादुका एस.टी.ने पंढरीस गेल्या. असा प्रसंग आल्यास जमा भिशी परत करावयाची की पुढील वर्षी वळती करावयाची, हा ठराव आधीच लिहून ठेवावा. नंतरचा वाद गोड नसतो.

हिशेब उघडा असावा, ही तर वारीचीच शिकवण आहे. तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदार चोप उंचावतात व सर्वत्र शांतता होते. ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवीतच राहते. मग ती तक्रार सर्वांसमक्ष ऐकली जाते. हरवले-सापडलेलेही पुकारून सांगतात. जेथे सापडलेली वस्तू लपवीत नाहीत, तेथे उरलेली शिल्लक का लपवावी? रोजचा खर्च रोज रात्री लिहावा, दोघांनी सही करावी. परतल्यावर आषाढ वद्य एकादशीस याच नव्या मंडपात जमाखर्च वाचावा आणि शिल्लक पुढील वर्षाच्या राखीव निधीत टाकावी.

या मंदिराच्या जीर्णोद्धारास कोणी हजार दिले, कोणी पायलीभर ज्वारी दिली. दोन्हींची पावती फाटली. दिंडीची वहीही तशीच असावी. पुढील ज्येष्ठात पैशावाचून या गावातला एकही वारकरी घरी राहू नये, एवढे झाले तरी या नव्या कळसाचे सार्थक होईल.

बोला, पुंडलीक वरदे हरि विठ्ठल!