ठरावानंतरचे काम

सन्माननीय अध्यक्षमहाराज, आणि ठिकठिकाणच्या नगरपालिका व पंचायतींमधून अगत्याने आलेल्या सभासद बंधुभगिनींनो,

सावित्रीच्या काठी वसलेल्या आमच्या महाडात आपणा सर्वांचे स्वागत करण्याचा मान स्वागतसमितीने मजकडे सोपविला, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथील चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, हे इथले शाळकरी पोरही आपणांस सांगेल. परंतु त्या दिवसामागे मुंबईच्या कायदे कौन्सिलातील ज्या एका सभासदाची चिकाटी उभी होती, त्या रावबहादूर सीताराम केशव बोले यांचे नाव दादरच्या एका रस्त्यापुरतेच उरावे, ही गोष्ट लोकप्रतिनिधींच्या परिषदेत तरी मला सहन होत नाही.

बोले भंडारी समाजातले. ज्या काळी गिरणीकामगाराची दाद घेणारे फारसे कोणी नव्हते, त्या काळी, 1909 च्या सुमारास, कामगार हितवर्धक सभेच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. त्याआधी, 1907 साली, मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकर नावाच्या मुलाच्या अभिनंदनाची सभा भरली, तिचे अध्यक्ष बोलेच होते. त्याच सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाच्या हाती दिले. कौन्सिलात जाण्यापूर्वीच या माणसाच्या आस्थेचे विषय असे ठरून गेलेले होते, आणि माझ्या मते लोकप्रतिनिधीची खरी पारख तेथेच होते.

4 ऑगस्ट 1923 रोजी त्यांचा ठराव कौन्सिलने संमत केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले व राखलेले, अथवा सरकारने नेमलेल्या वा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातील सर्व पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, त्याचप्रमाणे सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गांस मोकळे असावेत, असा त्याचा आशय होता. या ठरावाची मांडणी मी अनेकदा न्याहाळली आहे. तीत दयेची याचना नाही. जे सरकारी तिजोरीवर चालते ते साऱ्या रयतेचे, एवढ्या एकाच हक्कावर तिचा सारा भार आहे. पुढच्याच महिन्यात, 11 सप्टेंबरला, सरकारने खातेप्रमुखांना अंमलबजावणीचे हुकूम सोडले, आणि जानेवारी 1924 मध्ये आमच्या नगरपालिकेनेही तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला.

ठराव झाला, दप्तरी दाखल झाला, आणि तळ्याच्या पायऱ्या मात्र ज्यांच्यासाठी तो केला त्यांना पूर्वीइतक्याच परक्या राहिल्या. अशा वेळी आपले कर्तव्य संपले असे मानून बोले स्वस्थ बसते, तर त्यांना कोणी दोष दिला नसता. पण 5 ऑगस्ट 1926 रोजी ते कौन्सिलात पुन्हा उभे राहिले आणि ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे या धोरणाची अंमलबजावणी करण्यास नकार देतील त्यांचे सरकारी अनुदान बंद करावे, असा दुसरा ठराव त्यांनी मंजूर करून घेतला. स्थानिक संस्थांचे मर्म कोठे असते, हे त्यांनी अचूक हेरले होते. आणि मला विचाराल तर पहिल्या ठरावाहून हा दुसरा ठरावच त्यांच्या थोरवीचा अधिक मोठा पुरावा आहे.

यजमान या नात्याने पुढची हकिकतही सांगणे मला प्राप्त आहे. 20 मार्चच्या त्या सत्याग्रहानंतर तळ्याच्या शुद्धीकरणाचे विधी झाले, 4 ऑगस्ट 1927 रोजी याच नगरपालिकेने आपला पूर्वीचा ठराव मागे घेतला, तळे खाजगी मालकीचे असल्याचा दावा काही रहिवाशांनी दिवाणी न्यायालयात गुदरला, आणि मुंबई हायकोर्टाचा अस्पृश्यांच्या बाजूचा निकाल येईपर्यंत 1937 साल उजाडले.

आपल्यापैकी प्रत्येकाच्या संस्थेच्या दप्तरात नळजोडणीचे, स्मशानभूमीच्या रस्त्याचे, सफाई कामगारांच्या घरांचे मंजूर ठराव असतील, आणि त्यांतील किती अमलात आले हे आपणच जाणता. म्हणून स्वागतसमितीने पहिली बैठक नव्या ठरावांस न देता जुन्यांच्या अंमलबजावणीच्या झाडाझडतीस राखून ठेवली आहे. सभासदांनी आपापल्या संस्थेची इतिवृत्ते बरोबर आणावीत, अशी विनंती निमंत्रणात केलेली होतीच. ती आता काढावीत, आणि अध्यक्षमहाराजांनी स्थानापन्न होऊन कामकाजास आरंभ करावा, अशी मी नम्रतापूर्वक विनंती करतो.