रेल्वे लांबली, तोवर बस कोणाची?

(परिवहन कामगारांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



बंगळूरच्या उपनगरी रेल्वेबद्दल मुंबई-पुण्याच्या कामगारांनी का ऐकावे, असे एका साथीने विचारले. ऐकून ठरवा.

तिथे या रेल्वेची चर्चा १९८३ पासून चालू आहे. केंद्राची मंजुरी मिळाली ऑक्टोबर २०२० मध्ये. चार मार्ग, १४८ किलोमीटर, खर्च सुमारे १५,७६७ कोटी रुपये. मार्गांना संपिगे, मल्लिगे अशी फुलांची नावे दिली. बारसे थाटात झाले. जून २०२२ मध्ये पंतप्रधानांनी कोनशिला बसवून चाळीस महिन्यांचा वायदा केला. तो ऑक्टोबर २०२५ मध्ये उलटला, गाडी धावली नाही. त्याआधी, जुलैतच, दोन मार्गांच्या मुख्य कंत्राटदाराने काम सोडले होते. जागा वेळेवर ताब्यात मिळाली नाही, असे त्याचे म्हणणे.

म्हणजे जागेआधी कंत्राट दिले. याचा जाब विचारलाच पाहिजे. पण व्हाइटफील्डला कामावर जाणारी बाई उद्या सकाळी कशी जाणार? बसनेच. रेल्वेचा बोजा आज बस वाहते आहे, आणि नियोजनाच्या बैठकीत बसचा विषय येतो शेवटी, चहाच्या वेळेला.

शिवाय ही बस कोणाची? बंगळूर महानगर परिवहन महामंडळाच्या विजेवरच्या बसगाड्या कंत्राटावर आहेत. गाडी कंपनीची, चालक कंपनीचा, वाहक महामंडळाचा. एकाच गाडीत दोन मालकांची माणसे! कंपनीला पैसे मिळतात धावलेल्या किलोमीटरवर. थांब्यावर माणसे राहिली काय नि चढली काय, तिला सारखेच. बेस्टच्या साथींना हे समजावून सांगायला नको. भाडेतत्त्वावरच्या गाड्यांचा अनुभव त्यांनी घेतलाच आहे.

रेल्वेला आपला विरोध नाही. ती व्हावीच, लवकर व्हावी. पण तोपर्यंतची योजना लेखी हवी. होसूर, व्हाइटफील्डच्या रुळांवर आजही मेमू गाड्या धावतात. पाळ्यांच्या वेळा पाहून त्या वाढवा. जिथे उपनगरी स्थानके यायची आहेत तिथवर बसमार्ग आत्ताच सुरू करा. प्रवाशाला सवय लागेल, आणि कोणत्या वेळी किती गर्दी होते तेही कळेल. बस, मेट्रो, रेल्वे मिळून एक पास द्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये मेट्रोचे भाडे वाढले तेव्हा किती प्रवाशांनी पाठ फिरवली, ते सर्वांनी पाहिले.

कर्नाटक विधिमंडळाने २०२२ च्या अखेरीस सर्व वाहतुकीच्या एकत्रित नियोजनासाठी प्राधिकरणाचा कायदा केला. अशा प्राधिकरणात अधिकारी बसतात, तज्ज्ञ बसतात. कोणता थांबा पहाटे ओसंडतो हे ज्या वाहकाला ठाऊक, त्याच्या संघटनेलाही तिथे जागा हवी. मुंबईत, पुण्यात, नागपुरातही हीच मागणी ठेवायची आहे. ठरावाचा मसुदा दुपारच्या सत्रात वाटला जाईल. आपापल्या आगारातील कंत्राटी चालकांची संख्या त्यात भरून द्या, आणि शक्य असेल त्यांनी पुढच्या बैठकीला त्यांच्यापैकी एकाला सोबत आणा.