देवराईत जाताना

(निसर्ग आणि संस्कृती या विषयावरील व्याख्यानाचे शब्दांकन)



कार्तिक महिना लागला की जुन्या घरांतून आवळीभोजनाची लगबग सुरू होत असे. आवळ्याच्या झाडाखाली सडा-रांगोळी व्हायची, झाडाची पूजा व्हायची आणि मग त्याच्याच सावलीत पंगत बसायची. परसात आवळा नसेल, तर शिदोरी बांधून सारे कुटुंब गावाबाहेरच्या रानात जायचे. या जेवणाला कोणी सहल म्हटले नाही, मग पर्यावरण दिन म्हणण्याचा तर प्रश्नच नव्हता. परंतु ज्याच्या सावलीत बसायचे त्याला आधी नमस्कार करायचा, हा क्रम त्यात ठरलेला होता. रानाचा आनंद लुटण्याची आपल्या समाजाची रीत या क्रमात दिसते. तिचे सर्वांत प्रौढ रूप पाहायचे असेल, तर देवराईत जावे लागते.

देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर ती देवराई, रत्नागिरी-सिंधुदुर्गात देवरहाटी, कोडगूमध्ये देवरकाडू, केरळात सर्पकावू, तर राजस्थानात ओरण. कोणत्याही राजाने फर्मान काढलेले नसताना इतक्या दूरदूरच्या प्रांतांतील साध्या गावकऱ्यांनी आणि वनवासी बांधवांनी एकच व्यवस्था उभी करावी, ही या देशाच्या सांस्कृतिक एकात्मतेची केवढी मोठी साक्ष! आपल्याकडे या राईंत काळकाई, शिरकाई, वाघजाई, भैरव, म्हसोबा अशी दैवते असतात. मूर्ती म्हणजे बहुधा शेंदूर माखलेला तांदळा. डोक्यावर छप्पर नाही. देवीला छप्पर खपत नाही, अशी श्रद्धा कित्येक गावांत आजही ऐकू येते. नियम कडक असत. जिवंत झाडाला कुऱ्हाड लावणे दूरच राहिले, पडलेली वाळकी काटकीसुद्धा चुलीसाठी घरी न्यायची नाही. गावाच्या कामासाठी एखादे झाड हवेच असेल, तर देवीला कौल लावायचा आणि कौल मिळाला नाही तर मुकाट्याने माघारी यायचे.

सुशिक्षितांनी या साऱ्याची दीर्घकाळ अंधश्रद्धेत गणना केली. १९७०च्या दशकात डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला, तेव्हा चित्र पालटू लागले. त्या अभ्यासातील श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावाची हकिकत कार्यकर्त्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. त्या गावच्या राईतील झाडे तोडण्यासाठी खुणा करण्यात आल्या होत्या. गावकऱ्यांनी या शास्त्रज्ञांना पत्र लिहून राई वाचवण्यासाठी साहाय्य मागितले. शास्त्रज्ञ तेथे पोहोचले तेव्हा उलगडा झाला की, गावाला बारमाही पाणी देणारा ओढा त्या राईतूनच निघतो. आसपासचे डोंगर उघडेबोडके झालेले, आणि पाणी उरले होते ते देवीच्या झाडांच्या मुळाशी. त्याच राईत गारंबीची महावेल होती. गुरांना सर्पदंश झाला की तिची साल औषधासाठी मागायला माणसे दूरवरून येत. देवीचा कोप होईल, ही भीती आणि झरा आटेल, हे ज्ञान गावकऱ्यांच्या मनात वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेले नव्हते.

अशा राईत पाऊल टाकल्यावर काय अनुभवाला येते? प्रथम जाणवतो तो उजेडातला फरक. माळावरचे डोळे दिपवणारे ऊन मागे राहते आणि अंजनी, जांभूळ, हिरडा, बेहडा यांच्या एकात एक गुंतलेल्या छत्राखाली हिरवट काळोख सुरू होतो. मग तळपायांना कळते की ही जमीन निराळी आहे. वर्षानुवर्षे कुजलेल्या पाल्याचा जाड, मऊ थर पावसाचे पाणी धरून ठेवतो आणि ते सावकाश खाली सोडतो. झऱ्याचे रहस्य हेच. गारंबीचे मनगटाहून जाड वेढे झाडावरून झाडावर गेलेले असतात आणि तिच्या हातभर लांब शेंगा पाहून लहान मुले तर हरखूनच जातात. कोकणातल्या देवरहाटीत नशीब असेल, तर पंखांचा मोठा आवाज करीत धनेश माथ्यावरून जातो. या पक्ष्याची मादी जुन्या बेहड्यासारख्या वृक्षाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर तिला व पिलांना एका अरुंद फटीतून फळे भरवतो. एवढी प्रशस्त ढोली विशीतल्या झाडाला नसते. शेकडो वर्षे कोणी न तोडलेले झाड त्यासाठी लागते आणि असे झाड आता बहुतांशी देवाच्याच जागेत सापडते.

उपभोगाला पूर्ण नकार असा मात्र या परंपरेचा अर्थ नव्हे. शिवछत्रपतींच्या राज्यनीतीचे सार सांगणारे रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र पाहावे. आरमारासाठी लाकूड लागणारच, हे त्यात गृहीत धरलेले आहे. पण रयतेने लेकरांप्रमाणे वाढवलेल्या आंब्या-फणसांना हात लावू नये, झाड जीर्ण होऊन कामातून गेले असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन ते तोडावे, बलात्कार सर्वथा करू नये, असा त्याचा आशय आहे. शोषण नको, दोहन असावे, हे सूत्र नंतरच्या काळात पुष्कळ व्यासपीठांवरून सांगितले गेले. ते राज्यकारभारात उतरवण्याचा विचार या भूमीत तीनशे वर्षांपूर्वी झालेला होता.

आता थोडे कटू बोलणे प्राप्त आहे. आज या राया उजाड होत आहेत, त्या कोणा परक्या आक्रमकाच्या हातून नव्हे. इंग्रजांच्या वनकायद्यांनी गावाचा रानावरचा हक्क दुबळा केला, हे खरे. परंतु अलीकडचा घाव भाविकांचाच आहे. गावातील मंडळी मुंबई-पुण्यात स्थिरावतात, हातात पैसा खेळू लागतो आणि ग्रामदेवतेचा जीर्णोद्धार करण्याची सदिच्छा मनात येते. मग उघड्यावरच्या तांदळ्यासाठी सिमेंटचे देऊळ, देवळापुढे सभामंडप, सभामंडपापर्यंत मोटार जाईल असा रस्ता. काही ठिकाणी तर या बांधकामाचा खर्च राईतीलच झाडे विकून भागवलेला आहे. जे रान हेच देवीचे मंदिर होते, ते मोडून तिच्यासाठी मंदिर बांधायचे! भोवती फरशा बसतात, कुणाकुणाच्या स्मरणार्थ सिमेंटचे बाक येतात (देवीचे नाव लहान अक्षरांत, देणगीदाराचे मोठ्या), आणि उरल्यासुरल्या मोकळ्या जागेत वृक्षारोपणाचा कार्यक्रम होतो. त्यात लावतात काय, तर मादागास्करचा गुलमोहर आणि मध्य अमेरिकेतला गिरिपुष्प. स्वदेशीची शपथ घेतलेल्या हातांनी हे व्हावे, यात गंमत वाटावी की खेद, हे ज्याचे त्याने ठरवावे.

यात्रेकरूंचे वर्तनही याहून फारसे निराळे नाही. बारा ज्योतिर्लिंगांपैकी भीमाशंकर हे ज्या अरण्यात वसले आहे, ते १९८५ साली अभयारण्य घोषित झाले. महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेल्या शेकरूचे ते घर. दर्शनाच्या रांगेत तासन्‌तास उभे राहणाऱ्यांपैकी किती जण मान वर करून त्या झाडांकडे पाहतात? भोलेनाथाला बिल्वपत्र वाहून परतणारा भक्त बिस्किटांचे वेष्टन मात्र त्याच्याच वनात टाकून येतो. ही भक्ती गाभाऱ्याच्या उंबरठ्यावर संपते, अशी शंका घेणाऱ्यास काय उत्तर द्यावे?

१८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील ओरणांच्या प्रकरणात निकाल देताना त्यांचे सर्वेक्षण करून त्यांना कायद्याचे संरक्षण द्यावे, असे आदेश दिले. या निकालाचे स्वागतच करायला हवे. परंतु न्यायालयाला नकाशावर सीमा आखता येते. राईत चपला काढून जायचे, हे मुलाला घरातच कळावे लागते. आणि ज्याने देवराई पाहिलीच नाही, तो तिच्यासाठी ग्रामसभेत उभा राहील, ही अपेक्षाही व्यर्थ आहे. म्हणून राखण्याइतकेच जाणेही महत्त्वाचे. वर्षातून एकदा तरी कुटुंबाने आपल्या मूळ गावच्या राईत जावे, आणि पन्नास जणांची बस न नेता दोन-तीन घरांनी मिळून जावे. गाणी वाजवू नयेत. गारंबीची शेंग मुलांनी जागेवर पाहून जागेवरच ठेवावी. घरातल्या कपाटात ती शोभते, पण तिचे ते स्थान नव्हे. जीर्णोद्धाराची वर्गणी मागायला मंडळी आली, तर देणगी अवश्य द्यावी. मात्र झाड न तोडण्याची अट आधी लिहून घ्यावी. घरातल्या ज्येष्ठांनी हे एकदा ठामपणे सांगितले की तरुण ऐकतात, असा पुष्कळ गावांचा अनुभव आहे.

ज्यांचे गाव सुटले आहे, त्यांनाही रान पारखे नाही. मुंबईच्या कुशीत सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान आहे. तेथील कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते. २०१६ साली फुलली, २०२४ साली फुलली, आता २०३२. आज पहिलीत असलेले मूल तेव्हा माध्यमिक शाळेत असेल. पुणेकरांना वेताळ टेकडी पायाखालची. तिच्या माथ्यावरही अखेर वेताळबाबाच आहे.

राईत जाण्यासाठी कार्तिक उत्तम. पाऊस थांबलेला असतो, पायवाटा सुकलेल्या असतात आणि ओढे अजून वाहते असतात. आवळीभोजनाचे दिवसही तेच. पंगत राईच्या बाहेर, बांधावरच्या झाडाखाली बसवावी. पत्रावळी पळसाच्या किंवा केळीच्या पानांच्या असाव्यात. गुरवाला दोन दिवस आधी निरोप धाडला, तर बहुतेक गावांत तो स्वतः राईच्या तोंडापर्यंत सोबत येतो, नारळ ठेवतो आणि देवीला सांगतो की माहेरची माणसे आली आहेत. पादत्राणे तेथेच काढायची असतात.