परदेशांतील विद्यार्थ्याची सुटी

गोंदिया शहराला लागून असलेल्या मुर्रीसारख्या गावांतून एखादा मुलगा उच्च शिक्षणासाठीं परदेशीं जातो, तेव्हां घरच्या माणसांच्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र असतें. मोठें विद्यापीठ, मोठें ग्रंथालय, रात्रीं उशिरापर्यंत जळणारा दिवा, आणि त्या दिव्याखालीं वाकलेली एक मान. या चित्रासाठींच घरानें बँकेचें कर्ज काढलेलें असतें. क्वचित् धानाची एखादी बांधीहि त्यापायीं अडकलेली असते. मग एके दिवशीं फोनच्या पडद्यावर निराळेंच चित्र उमटतें. पाठीवर पिशवी, पायांत जाड बूट, मागें धुक्यांत बुडालेला डोंगर, आणि त्याच्यापुढें आपला मुलगा हंसत उभा. आई म्हणते, ‘वाळला गं बाई!’ वडील कांहीं बोलत नाहींत, पण त्यांच्या मनांत हिशेब सुरू झालेला असतो. आगगाडीचें भाडें किती, बुटांची किंमत किती, आणि हा अभ्यास करतो तरी केव्हां?

हा हिशेब चुकीचा नाहीं. ज्यानें पैसा उभा केला त्याला तो मांडण्याचा अधिकार आहे. फक्त त्यांत एक रक्कम धरावयाची राहून जाते, आणि ती म्हणजे विद्यापीठाचें वर्ष. ऑक्सफर्ड व केंब्रिज या दोन्ही जुन्या विद्यापीठांत पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीं वर्षाचीं सत्रें तीन, आणि प्रत्येक सत्रांत शिकवण्याचे आठवडे आठ. म्हणजे बावन्नांपैकीं चोवीस आठवडे वर्ग, आणि उरलेले अठ्ठावीस आठवडे वर्गाबाहेर! जर्मनींतहि दोन सत्रांच्या मध्यें व्याख्यानें बंद असलेला काळ महिन्यांनीं मोजावा लागतो. आपल्याकडे सुटी म्हणजे अभ्यास थांबला असें मानतात. तिकडे ती अभ्यासाचीच दुसरी बाजू समजली जाते. सत्रांत ऐकावयाचें आणि सुटींत वाचावयाचें, असा तेथील जुना प्रघात. एकोणिसाव्या शतकांत ऑक्सफर्ड-केंब्रिजचे अध्यापक चार-सहा विद्यार्थी घेऊन डोंगराळ भागांत एखादें घर भाड्यानें घेत, सकाळीं वाचीत आणि दुपारीं चालावयास निघत. ग्रंथ आणि पायवाट हीं दोन्ही एकाच शिधोरींत बांधलेलीं असत.

मराठी विद्यार्थ्यांना हा प्रघात अगदीं नवा नाहीं. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ सालीं ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजांत धर्मांचा तौलनिक अभ्यास करण्यास गेले आणि १९०३ सालीं परत आले. जमखिंडीच्या गरीब घरांतला हा तरुण. एकेका पैशाची किंमत त्याला ठाऊक होती. तरीहि सुट्यांत ते ऑक्सफर्डच्या खोलींत कोंडून बसले नाहींत. इंग्लंडच्या वायव्येकडील सरोवरांचा प्रांत, त्यापलीकडे स्कॉटलंड, असें ते हिंडले. आणि परततांना १९०३ च्या सप्टेंबरांत ॲम्स्टरडॅम येथें उदार धर्ममतवाद्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेसहि उपस्थित राहिले. विलायतेहून त्यांनीं धाडलेलीं पत्रें मुंबईच्या ‘सुबोध पत्रिके’ंत प्रसिद्ध होत. एका विद्यार्थ्याच्या फिरण्याचा लाभ अशा रीतीनें येथें घरांत बसलेल्या कितीतरी वाचकांना मिळाला. त्यांची नजर सृष्टिसौंदर्यावर जाई, पण तेथेंच अडकून पडत नसे. माणसें कशीं राहतात, हें त्यांना पाहावयाचें असे. पुढें १९०६ च्या १८ ऑक्टोबरला त्यांनीं मुंबईंत निराश्रित साहाय्यकारी मंडळीची स्थापना केली. तिचें बीज सरोवरांच्या कांठीं पडलें, असें म्हणणें मात्र भाबडेपणाचें होईल. अस्पृश्यतेची वेदना त्यांनीं येथूनच बरोबर नेली होती. परक्या मुलखांत पायीं हिंडणाऱ्या माणसाला आपला मुलूख दुरून दिसूं लागतो, एवढेंच फार तर म्हणतां येईल. आणि तेंहि थोडें नव्हे.

दुसरें उदाहरण अधिक जवळचें. जयंत विष्णु नारळीकर १९५७ सालीं केंब्रिजला गेले. त्यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर हेहि केंब्रिजलाच शिकलेले गणितज्ञ. तेव्हां या घराला विद्यापीठाचें वर्ष समजावून सांगण्याची गरज नव्हती. गणिताची परीक्षा उत्तम रीतीनें उतरल्यावर जयंतरावांनीं १९६० सालीं फ्रेड हॉईल यांच्या हाताखालीं संशोधनास प्रारंभ केला. हॉईल हे यॉर्कशायरचे. विश्व सदैव एकाच स्थितींत असतें या मताचे एक जनक, आणि डोंगर चढण्याचा विलक्षण नाद असलेले गृहस्थ. स्कॉटलंडांत तीन हजार फुटांहून उंच अशीं पावणेतीनशेंहून अधिक शिखरें आहेत. त्यांची यादी १८९१ सालीं सर ह्यू मन्रो यांनीं प्रसिद्ध केली, म्हणून त्यांना ‘मन्रो’ म्हणतात. यादी करणाऱ्या मन्रोसाहेबांना स्वतःला तीं सारीं चढून संपवितां आलीं नाहींत. हॉईल यांनीं मात्र तीं संपविलीं!

अशा गुरूच्या शिष्याचें पहिलेंच वर्ष मोठें वादळी ठरलें. १९६१ च्या फेब्रुवारींत मार्टिन राईल या केंब्रिजच्याच शास्त्रज्ञानें रेडिओलहरी फेंकणाऱ्या दूरच्या ज्योतींची मोजदाद करून हॉईल यांचें मत खोटें ठरतें असें जाहीर केलें. वृत्तपत्रांत गवगवा झाला. लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेंत उत्तर द्यावयाचें होतें, आणि हॉईल यांचा त्याच दिवशीं अन्यत्र कार्यक्रम ठरलेला. तेव्हां तें उत्तर बावीस वर्षांच्या नारळीकरांनीं उभें राहून दिलें. त्याच वर्षीं उन्हाळ्यांत इटलींतील व्हारेना या गावीं गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतांवर एक ग्रीष्मवर्ग भरला. हॉईल तेथें व्याख्याते होते आणि नारळीकर विद्यार्थी.

व्हारेना हें कोमो सरोवराच्या पूर्व कांठावरचें लहानसें गांव. वर्ग भरे तो व्हिला मोनास्तेरो या पाण्याला लागून असलेल्या जुन्या वास्तूंत; आणि गावाच्या पाठीशीं ग्रिन्या पर्वताची उंचच उंच भिंत, समुद्रसपाटीपासून २,४०० मीटरांवर गेलेली. खालीं निळें पाणी, वर उघडा खडक, आणि मधून वळत जाणाऱ्या पायवाटा. अशा ठिकाणीं शास्त्रज्ञ का जमतात, असा प्रश्न हिशेबी माणसाला पडेल. याचें उत्तर चालण्याच्या रीतींतच आहे. वर्गांत गुरु समोर असतो. त्याचा चेहरा दिसतो, आणि तो चेहरा पाहून धीट विद्यार्थीहि अर्धा प्रश्न गिळतो. डोंगरावर दोघांचे डोळे पायांखालच्या दगडांवर असतात. प्रश्न विचारला, आणि उत्तर वीस पावलांनंतर आलें, तरी कोणाला अवघडल्यासारखें होत नाहीं. चढावर गुरूलाहि दम लागतो, आणि दम लागलेल्या माणसाची भीति वाटत नाहीं. आपल्या आश्रमांच्या जुन्या कथांतून गुरूबरोबर रानांत समिधा गोळा करणारा शिष्य दिसतो. त्याला तें शिक्षणच वाटत असावें.

१९६४ च्या जूनमध्यें हॉईल व नारळीकर यांनीं गुरुत्वाकर्षणाविषयींची आपली उपपत्ति रॉयल सोसायटीपुढें मांडली आणि नारळीकरांचें नांव भारतांत घरोघर गेलें. डोंगर चढल्यानें कोणी खगोलशास्त्रज्ञ होत नाहीं, हें सांगावयास नकोच. परंतु ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रांत केंब्रिज हें बनारस, मुंबई व पुणें यांच्या जोडीला एक नगर म्हणून येतें. नुसती एक परीक्षा म्हणून येत नाहीं. जो विद्यार्थी कॉलेज ते खोली एवढीच वाट चालला, त्याला परदेशांत पदवी मिळते, नगर मिळत नाहीं.

आजच्या विद्यार्थ्याची स्थिति या दोघांहून वेगळी आहे. त्याच्या डोक्यावर व्याजाचें कर्ज असतें. इंग्लंडांत पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असतां आठवड्याला साधारणतः वीस तासच नोकरी करतां येते. पूर्ण वेळ कामाची मुभा सुटींतच. त्यामुळें पुष्कळांची सुटी उपाहारगृहाच्या मोरींत आणि दुकानांच्या गोदामांत जाते. उरतात ते दोन-चार दिवस. ते थोडक्या खर्चांत घालविण्याची सोयहि तिकडे आहे. रिचर्ड शिरमान या जर्मन शाळामास्तरानें मुलांना घेऊन पायीं हिंडतांना पावसांत एका शाळेंत रात्र काढली आणि तरुणांसाठीं स्वस्त विश्रामधामें असावींत ही कल्पना त्याला सुचली, ती १९०९ सालीं. तिचींच पुढें जगभर यूथ होस्टेलें झालीं. तेथें एका खोलींत सहा-आठ बिछाने असतात आणि स्वयंपाकघर सामाईक. मुर्रीचा मुलगा तेथें भात शिजवूं लागला कीं शेजारचा कोरियन वा पोर्तुगीज पातेल्यांत डोकावून पाहणारच. दोन परक्यांची ओळख व्हावयास एवढें पुरतें.

आतां घरच्यांच्या मनांतील दुसरी गोष्ट. ती पैशाची नाहीं; ती भीतीची आहे, आणि ती खरी आहे. गोंदियाच्या भागांतलें मूल पाण्याच्या सोबतीनें वाढतें. मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव हे गावोगाव आहेत. त्यांचा उतार सौम्य, पाणी उन्हानें कोमट. सालेकसा तालुक्यांत दरेकशाजवळ हाजरा धबधबा आहे, कचारगडच्या गुहा आहेत. तेव्हां पाणी आणि डोंगर आपल्याला कळतात, असें त्या मुलाला वाटलें तर नवल नाहीं. पण तें ज्ञान येथल्या पाण्याचें असतें. इंग्लंडचें सर्वांत उंच शिखर स्काफेल पाईक अवघें ९७८ मीटर. आपलें कळसूबाई १,६४६. आंकडे पाहून तो हंसतो. मात्र तेथें मोकळें ऊन असतां घटकेंत धुकें उतरतें, आणि डिसेंबरांत दुपारीं चार वाजण्यापूर्वींच सूर्य मावळतो. सुती पायजमा भिजला म्हणजे वारा हाडांपर्यंत जातो. आणि पाणी! वरून चकाकणारें सरोवर जूनमध्येंहि खालीं गारठलेलें असतें. त्यांत उडी घेतांच छाती आखडते, श्वास आपोआप आंत ओढला जातो, आणि नाकातोंडांत पाणी जातें. पट्टीचा पोहणाराहि पहिल्या दोन-तीन मिनिटांतच बुडूं शकतो.

२०२४ च्या जूनच्या आरंभीं रशियांतील नोव्हगोरोद येथें वैद्यकाचें शिक्षण घेणारे भारतीय विद्यार्थी वोल्खोव्ह नदीच्या कांठीं मोकळ्या वेळीं फिरावयास गेले. त्यांतील चौघे नदींत बुडून मेले. एक मुलगी वांचली. जळगांव जिल्ह्यांतील घरांवर तो आघात कोसळला. त्याच वर्षीं एप्रिलांत स्कॉटलंडमध्यें टमेल नदीच्या धबधब्याजवळ दोन भारतीय विद्यार्थी असेच गेले. हीं मुलें बेफिकीर होतीं, असें म्हणण्याचा कोणाला अधिकार नाहीं. अभ्यास करून थकलेलीं तरुण माणसें पाण्याजवळ गेलीं, एवढेंच त्यांनीं केलें होतें. ज्या आईबापांनीं ही वार्ता ऐकली, ते आपल्या मुलाला ‘खोलीबाहेर पडूं नको’ म्हणूं लागले तर त्यांना हंसणारानें हंसावें! पण खोलीहि सुरक्षित नसते. परक्या देशांत, लांब हिवाळ्यांत, चार भिंतींत एकट्या पडलेल्या मुलाचें काय होतें, हें विद्यापीठांच्या वैद्यांना चांगलें ठाऊक आहे. तें दुखणें छायाचित्रांत दिसत नाहीं, इतकाच फरक.

तेव्हां जाऊं नये असें नव्हे, जावें कसें हें शिकावें लागतें. आणि शिकविणारेहि तेथेंच असतात. बहुतेक विद्यापीठांत डोंगर चढणाऱ्यांची एक मंडळी असते. तिच्याबरोबर पहिल्या दोन-तीन वाऱ्या केल्या म्हणजे कोणत्या ढगाला मागें फिरावें, हें कळूं लागतें. नकाशा कागदाचाहि जवळ ठेवावा, कारण थंडींत फोनची शक्ति लवकर सरते. संकटांत ११२ हा आंकडा सबंध युरोपांत आणि इंग्लंडांतहि चालतो. आणि ब्रिटनच्या डोंगरांत मिनिटाला सहा वेळां शीळ घालून मिनिटभर थांबणें ही मदतीची खूण आहे. आणखी एक साधी चाल तेथील जुने चालणारे पाळतात: निघण्यापूर्वीं वाट, सोबती आणि परतण्याची वेळ एका कागदावर लिहून घरमालकिणीजवळ ठेवतात. त्या कागदाची एक प्रत फोनवरून मुर्रीला पाठवावयास कांहीं खर्च येत नाहीं. वडिलांना मग रात्रीं मनांतला हिशेब मांडीत बसण्याऐवजीं नकाशावर बोट ठेवून मुलाबरोबर चालतां येईल. पोंचल्याचा फोन आला कीं ते बहुधा दुसरेंच कांहीं विचारतील. ज्या मुलखांत नवेगांवचा बांध कोलू पाटील कोहळीनें बांधला हें लहान मूलहि सांगतें, तेथला माणूस तळें पाहिलें कीं पहिला प्रश्न हाच करणार: ‘हें बांधलं कोणी?’ तिकडचीं सरोवरें कोणींच बांधलेलीं नाहींत. बर्फाच्या नद्यांनीं हजारों वर्षें दऱ्या कोरल्या आणि मग त्यांत पाणी सांचलें. हें उत्तर दूरध्वनीवर नीट समजावून सांगावयाचें, तर मुलाला दुसऱ्या दिवशीं ग्रंथालयांत जाऊन बसावेंच लागेल.